जाऊन ये म्हणेपर्यंत

मागे एका चर्चासत्राला मला बोलावलं होतं. बालवाड्या चालवणाऱ्या बायकांचंच होतं ते, त्यामुळे मी नाही म्हटलं नाही. व्यासपीठावर शेजारी बसलेल्या बाईंनी माईक माझ्याकडे सरकवला आणि विचारलं, तुमच्या संस्थेचं व्हिजन काय? मी जरा गडबडले. मग खरं ते सांगून टाकलं, की आमचं व्हिजन मेथीच्या जुडीतून निघालं. सगळं सभागृह हसलं. त्यांना वाटलं, बाई विनोदी दिसतात. मी विनोदी आहेच, पण तेव्हा विनोद करत नव्हते. ते हसणं डोक्यात राहिलं म्हणून आज हे लिहायला बसले आहे.

बालवाडी सुरू करण्याआधी मी एका मोठ्या शाळेच्या शिशुवर्गावर होते. तिथली पद्धत सगळीकडे असते तीच. जूनमध्ये फाटकापाशी आईच्या कडेवरून मूल काढून घ्यायचं, फाटक लावायचं आणि आईला हातानेच खूण करायची, तुम्ही निघा. मूल आकांत करायचं. दोन-चार दिवस रडतात, मग गप्प होतात, असं तिथल्या सगळ्याजणी पालकांना सांगायच्या, आणि ते खोटं नव्हतं. मुलं गप्प व्हायचीच. पण गप्प झालेलं मूल मी जवळून बघितलं आहे. ते डबा उघडत नाही, रुमाल मुठीतून सोडत नाही आणि दाराचा आवाज झाला की मान वळवतं. मला हे पटत नव्हतं. बैठकीत बोलून पाहिलं, उपयोग झाला नाही, तेव्हा राजीनामा दिला. माझं डोकं एकदा फिरलं की फिरलं, घरच्यांना त्याची सवय आहे.

डोंबिवलीला आमच्याच इमारतीत तळमजल्याच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. तिथे मी बालवाडी काढली. पहिल्याच दिवशी एक आजी नातवाला घेऊन आल्या. नातू त्यांच्या लुगड्याला असा काही चिकटला होता, की मी हात पुढे केला तर मलाच चावला असता. आजी म्हणाल्या, मी काही याला टाकून जात नाही, इथेच बसते, पण मला काहीतरी काम द्या, नुसतं बसवत नाही. माझ्या पिशवीत संध्याकाळच्या भाजीची मेथी होती. ती जुडी आणि एक ताट त्यांच्यापुढे ठेवलं. त्या भिंतीला टेकून मेथी निवडत बसल्या. नातू आधी लुगडं धरून बसला, मग एक काडी उचलली, मग दुसरी. बाकीची पोरंही ताटाभोवती जमली. असं बरेच दिवस चाललं. रोज माझ्या घरी मेथी, नाहीतर मटार, नाहीतर सोललेला लसूण.

एके दिवशी तो मुलगा वाळूत खेळता खेळता मान वर करून म्हणाला, "आजी, तू जा."

आजींनी आधी त्याला दटावलं. जा म्हणू नये रे कुणाला, जाऊन ये म्हणावं. तो म्हणाला, "जाऊन ये." आजी उठल्या, पदर झटकला, ताट आत नेऊन ठेवलं आणि निघाल्या. रस्त्यात आपण खूप रडलो, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. मी विचारलं, वाईट वाटलं का? त्या म्हणाल्या, छे, मुलगा रुळला माझा, वाईट कशाला वाटेल.

त्या दिवशी आमचा नियम ठरला. मूल स्वतःच्या तोंडाने जाऊन ये म्हणेपर्यंत घरचं माणूस वर्गात बसेल. ते हाताने काहीतरी काम करेल, पण मुलांना शिकवणार नाही, खेळवणार नाही, शाबासकी देणार नाही. फक्त असेल. हा नियम ऐकून पालक आधी चक्रावायचे. मी कोणालाही सूट दिली नाही. एका बँकेतले साहेब रजा टाकून लसूण सोलत बसले होते, कानाला फोन लावून, आणि फोनवर कुणाला तरी झापताना त्यांच्या मांडीभर पाकळ्या उडत होत्या. सगळी मुलं त्यांच्याकडे बघत होती. तरी डोंबिवलीत नियम चालला, कारण घरोघरी कोणीतरी होतं. आजी, आजोबा, आत्या, नोकरी सोडलेली आई. वर्षं गेली. आमच्याकडची मुलं पहिलीत गेली की तिथल्या बाई म्हणायच्या, तुमची मुलं वेगळी कळतात, ती मोठ्या माणसाच्या डोळ्यांत बघून बोलतात. हे ऐकून मला जो काय अभिमान वाटायचा तो लपवायचा मी कधी प्रयत्न केला नाही.

मग माझे गुडघे कुरकुरायला लागले. खाली मुलांबरोबर बसलं की उठताना कुणाचा तरी हात लागायचा. हे कधीतरी दुसऱ्या कुणाच्या हाती द्यावं लागणार, हे दिसत होतं. देण्यासारखी एकच होती. आमच्याकडे बरीच वर्षं असलेली, कल्याणची एक ताई. आमच्याकडे सगळ्याच ताई, मी तेवढी मोठ्या ताई. ही कल्याणला चाळीत वाढलेली, घरातली पहिली शिक्षिका, आणि वाद घालण्यात माझ्याहून सरस. तिला एखादी गोष्ट सांगितली की ती हो म्हणायची नाही, आधी का असं विचारायची. मला तिचा राग यायचा आणि ती रजेवर असली की करमायचंही नाही.

तिनेच टिटवाळ्याचा विषय काढला. तिकडे नव्या इमारती उभ्या राहत होत्या, तरुण जोडपी राहायला येत होती, लहान मुलं ढीगभर, आणि त्यांच्यासाठी धड काही नव्हतं. एका सोसायटीने तळमजल्याचा हॉल द्यायची तयारी दाखवली. मी मनाशी ठरवलं, की ही परीक्षा. माझ्यानंतर आमच्या दारात एकही मूल ओढून आत घेतलं जाऊ नये, एवढंच मला हवं होतं. टिटवाळ्यात मी रोज नसताना हे तिला जमलं, तर दोन्ही वर्ग तिच्या स्वाधीन. नाही जमलं, तर डोंबिवलीच्या दोन खोल्या माझ्याबरोबर संपतील आणि मी शहाण्यासारखी घरी बसेन. हे मी तिला सांगूनही टाकलं. ती म्हणाली, बघू.

जून उजाडला आणि आमचा नियम टिटवाळ्यात पहिल्याच आठवड्यात तोंडावर आपटला. तिथल्या घरांत बसायला माणूसच नव्हतं. आई-वडील दोघंही सकाळी अंधारात गाडी धरणारे, आजी-आजोबा गावी. रजा मिळून मिळणार किती? आया मुलाला मांडीवर घेऊन बसायच्या आणि दर थोड्या वेळाने मोबाईलमध्ये वेळ बघायच्या. मुलाला ते बरोबर कळायचं, ते आणखी घट्ट धरायचं. समोरच्या टॉवरखाली दुसरा एक वर्ग निघाला होता. भिंतीवर कार्टून, दारात फुगे, आणि मूल दारातून आत घेतलं की दार बंद. आमच्याकडची काही मुलं तिकडे गेली.

एक मुलगी मला विसरता येत नाही. तीन वर्षांची असेल. ती दप्तर काढायचीच नाही. पाठीवर गुलाबी दप्तर लावून हॉलच्या दारापाशी उभी. वाळू नको, पाणी नको, खाऊ दिला तर दप्तरासकट खाणार. स्टँडवर बस लागायची वाट बघतोय असा चेहरा. तिची आई मुलुंडला एका लॅबमध्ये कामाला होती. रजा काढून बसली, जेवढं बसता आलं तेवढं. मग एके दिवशी माझ्यापुढे येऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही, भांडली नाही.

"ताई, तुमचा नियम चांगला आहे. पण तो आमच्यासारख्यांसाठी नाही."

मला कोणी थोबाडीत मारली असती तर एवढं लागलं नसतं. मी इतकी वर्षं ज्या नियमावर मान ताठ करून चालत होते, तो फक्त ज्यांच्या घरी रिकामं माणूस आहे त्यांच्यासाठी होता म्हणजे.

त्या दुपारी टिटवाळ्याच्या फलाटावर बाकावर बसून मी ताईला म्हटलं, बंद करू या. मुलांना फाटकातून ओढून घेणार असू तर आपला आणि त्या टॉवरचा फरक काय? नाही जमत तर नाही जमत.

ती तंबाखू चघळल्यासारखा मुखवास चघळत होती. म्हणाली, "मोठ्या ताई, एक सांगा. नियम काय आहे आपला? घरचं माणूस बसलं पाहिजे, की पोराला एकटं टाकून कोणी जायचं नाही?"

मी म्हटलं, दोन्ही एकच.

"नाय ओ. अजिबात एक नाहीये. आमच्या चाळीत माझी आई कामाला जायची तेव्हा मी कोणाच्या पण मांडीवर बसलेली असायचे. समोरची काकू, खालची मावशी. मला कधी एकटं वाटलेलं नाही. घरचं माणूस म्हणजे काय फक्त रक्ताचंच असतं का?"

गाडी आली. आम्ही चढलो. कल्याण आलं. उतरताना ती म्हणाली, गणपतीपर्यंत द्या मला. मी म्हटलं, दिले.

तिने काय केलं, तर आमच्या डोंबिवलीच्या जुन्या घरच्या माणसांना फोन लावले. ज्यांची नातवंडं केव्हाच कॉलेजात, परदेशात गेली आणि ज्यांना सकाळचा पेपर वाचून झाला की दिवस खायला उठतो, असे आजी-आजोबा. तिने त्यांना सांगितलं, की टिटवाळ्याला मुलं आहेत आणि त्यांच्याजवळ बसायला कोणी नाही, तुम्ही याल का? वर हेही, की एका माणसाने एकच मूल घ्यायचं, आणि ते जाऊन ये म्हणेपर्यंत रोज यायचं, मध्येच दांडी मारायची नाही. मला वाटलं होतं, कोणी येणार नाही. आली की नाही बघा. सकाळी डोंबिवलीहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या गाडीत बसायला जागा असते. त्या गाडीत ही मंडळी डबे, पाण्याच्या बाटल्या, कानटोप्या घेऊन अशी बसायची, जशी सहलच निघाली आहे. आधी घरी जाऊन त्यांनी मुलांच्या आई-वडिलांची ओळख करून घेतली, चहा प्यायला, मुलाचं आवडतं खेळणं कोणतं ते विचारलं. हेही ताईचंच डोकं. मूल ज्या माणसाला आपल्या घरात बघतं ते त्याला परकं वाटत नाही, असं तिचं म्हणणं.

गुलाबी दप्तरवालीच्या वाट्याला एक आजोबा आले. सरकारी कचेरीतून मोठ्या पदावरून निवृत्त, पांढरा शर्ट, खिशाला पेन, बोलणं पुण्याच्या सदाशिव पेठेत शोभेल असं. त्यांच्या नातवाच्या वेळी आमच्याकडे त्यांच्या पत्नी बसल्या होत्या. आता त्यांना जिना उतरवत नव्हता, म्हणून त्यांनी यांना पाठवलं. आजी नियम कोळून प्यायलेल्या होत्या. आजोबांना फक्त लहान मुलांत बसायचंय एवढंच ठाऊक.

आणि डोंबिवलीच्या निवृत्त माणसासमोर लहान मूल बसवलं, की तो जे करणार तेच त्यांनी केलं. शिकवायला घेतलं. बे एके बे. मुलीच्या तोंडून पाढा म्हणवून घेतला, मग शेजारच्या मुलाच्या, मग अख्खा हॉल टाळ्या वाजवत बे दुणे चार. एक मुलगा पानी म्हणाला तर त्याला थांबवून पाणी म्हणायला लावलं. इतर आजी-आजोबांनाही चेव आला. एकीने श्लोक घेतले. मेथीची ताटं तशीच बाजूला पडली.

संध्याकाळी मुलांनी घरी पाढे म्हणून दाखवले आणि पालक खूश. त्यांच्या ग्रुपवर व्हिडिओ फिरायला लागले. गुलाबी दप्तरवालीचाही एक होता. पाच दाहे पन्नासपर्यंत न अडखळता. समोरच्या टॉवरमध्ये गेलेल्यांपैकी दोघं परत आली. नवीन चौकशा यायला लागल्या, की आजोबांचा क्लास असतो तो हाच का? ताईचा हॉल भरायला लागला. जो वर्ग बंद पडायला आला होता तो चालायला लागला होता, आणि तो चालत होता आमच्या नियमाविरुद्ध.

मी त्या आठवड्यात मुद्दाम टिटवाळ्याला गेले आणि कोपऱ्यात बसून राहिले. मला बघायचं होतं, ही काय करते. तिच्या जागी दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, चाललंय ना, चालू द्या. मी बोलायचं नाही असं ठरवलं होतं. त्याचा मला किती त्रास झाला असेल, हे मला ओळखणाऱ्यांना कळेल.

ताई फक्त त्या मुलीकडे बघत होती. मुलगी पाढा म्हणत होती, सुरेख म्हणत होती. पण डोळे दाराकडे होते. आणि दप्तर पाठीवर होतं.

वर्ग सुटल्यावर ताईने एक जुडी आणि ताट आणून आजोबांच्या पुढ्यात ठेवलं. म्हणाली, आजोबा, उद्यापासून पाढे नाही, हे करायचं. आजोबा आधी हसले. मग त्यांच्या लक्षात आलं, की ती गंमत करत नाहीये.

"मला मेथी निवडता येत नाही," ते म्हणाले.

"माहितीये. शिकाल."

आजोबांचा चेहरा लाल झाला. अख्ख्या आयुष्यात त्यांना असं कोणी सांगितलं नसेल, आणि तेही एका पोरसवदा बाईने. त्यांनी पिशवी उचलली, चप्पल घातली आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. पाढे बंद झाल्याचं कळलं तसे पालकही भडकले. त्यांनी रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये सभा बोलावली. मीही गेले आणि मागच्या खुर्चीत बसले. दोन-तीन वडील चांगलेच तापले होते. फुकटात एवढा चांगला माणूस शिकवतोय, तर तुम्हाला काय त्रास आहे, असा एकूण सूर होता. माझे हात शिवशिवत होते. उठून दोन शब्द सुनावावेत असं वाटत होतं. मी खुर्चीचा हात धरून बसले.

ताई उभी राहिली. घाबरली होती, आवाजावरून कळत होतं. पण तिने एक शब्दही मागे घेतला नाही.

"पाढे येणारच आहेत त्यांना. कोणाचे राहिलेत आजपर्यंत? तुमचे राहिलेत का? तुमची मुलं आता काय शिकतायत ते ऐका. आई गेली तरी ती परत येते, आणि मधल्या वेळात दुसऱ्या माणसाजवळ बसता येतं. हे एवढंच शिकायचंय. हे झालं की बाकी सगळं होतं. तुम्हाला पाढे पाहिजे असतील तर समोर टॉवर आहे, मी राग नाही धरणार. पण इथे मी हेच करणार."

काही पालक उठून गेले. बरेचसे बसून राहिले. त्या मुलीची आईही त्यांच्यात होती. मी एवढी वर्षं हेच सांगत आले होते, पण इतकं सोपं करून मला कधी सांगता आलं नव्हतं. मला तिचा इतका अभिमान वाटला, की घरी जाऊन मी ह्यांना ते भाषण पुन्हा पुन्हा म्हणून दाखवलं. शेवटी ते म्हणाले, कळलं, आता जेवायला वाढ.

सोमवारी आजोबा हजर. हातात कापडी पिशवी, पिशवीत स्वतः विकत आणलेली मेथी. मागून कळलं, की घरी आजींनी त्यांची चांगली हजेरी घेतली होती. नवऱ्याला टेबलाशी बसवून, जुडी पुढ्यात ठेवून, दोन दिवस मेथी निवडायचा सराव करवून घेतला होता. तरी त्यांना काही ते साधलं नव्हतं. भिंतीला टेकून त्यांनी ताट मांडीवर घेतलं आणि पान कमी, काडी जास्त असं काम सुरू केलं. तोंडाने अवाक्षर नाही. तो मौनाचा प्रयत्न त्यांना मेथीपेक्षा जड जात होता, हे हॉलभर दिसत होतं.

मुलगी दारापाशी उभी होती. तिने एकदा बघितलं, दोनदा बघितलं. तिला ते अजिबात पटत नव्हतं. शेवटी ती चालत आली, ताटाशी उकिडवी बसली आणि म्हणाली, काडी नाही घ्यायची. आजोबांनी निमूटपणे काडी बाजूला केली. तिने हात पुढे केला, तर दप्तर पुढे घसरून कोपरावर आलं. तिने ते मागे ढकललं, ते पुन्हा आलं. मग तिने वैतागून दोन्ही पट्टे काढले, दप्तर आजोबांच्या पायाशी टाकलं आणि दोन्ही हातांनी मेथी निवडायला लागली.

ताईने हॉलच्या त्या टोकाकडून माझ्याकडे बघितलं. मी डोळे पुसले आणि खिडकीबाहेर बघितलं, कारण मोठ्या ताईंनी मुलांसमोर रडू नये असा माझाच एक नियम आहे.

गणपतीच्या आधी, घरोघरी सजावटीची गडबड चालू असताना, एका सकाळी ती वाळूत खेळता खेळता थांबली आणि आजोबांना म्हणाली, "आजोबा, जाऊन ये."

आजोबांना कळलंच नाही. त्यांनी विचारलं, कुठे? ती म्हणाली, घरी. त्यांनी ताईकडे बघितलं. ताईने मान हलवली. ते उठले, पांढऱ्या शर्टावरची पानं झटकली आणि बाहेर गेले. मी पाठोपाठ गेले. फाटकापाशी उभं राहून त्यांनी आजींना फोन लावला. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. आवाज मात्र सदाशिव पेठेतला राहिला नव्हता.

त्या मुलीची आई नंतर एकदा अर्धा दिवस रजा काढून आली. लसूण घेऊन भिंतीशी बसली. मुलीला तिची काही गरज नव्हती, हे तिलाही माहीत होतं. ती म्हणाली, मला फक्त बसायचं होतं, तेव्हा नीट बसताच आलं नव्हतं. मग लसूण सोलता सोलता तिने सांगितलं, की आता ती सकाळी अंधारात निघते, तेव्हा मुलगी अर्धवट झोपेत डोळेही न उघडता म्हणते, आई, जाऊन ये. पूर्वी मी चोरासारखी पाऊल न वाजवता निघायचे, ती म्हणाली.

टिटवाळ्याचा वर्ग टिकला. दुसऱ्या वर्षी तिथल्या शेजारणी, एक निवृत्त पोस्टमन, खडवलीहून येणारी एका मुलाची लांबची मावशी असे कितीतरी जण घरची माणसं झाले, डोंबिवलीची फौज लागलीच नाही. ठरवल्याप्रमाणे मी दोन्ही वर्ग ताईच्या स्वाधीन केले. लोकांनी विचारलं, आता आराम ना? मी म्हटलं, हो.

आराम कसला. नवीन जून आला आणि मी पहिल्या दिवशी टिटवाळ्याला हजर. दाराशी खुर्ची टाकून बसले. सतरंजी इकडे का घातली? वाळूचं घमेलं खिडकीखाली कोणी नेलं? पाण्याचं पिंप उन्हात कसं? ताईने एकदा ऐकून घेतलं, दोनदा ऐकून घेतलं. मग ती आत गेली आणि एक जुडी आणि ताट आणून माझ्या मांडीवर ठेवलं. मी तिच्याकडे रागाने बघितलं. तिने माझ्याकडे अजिबात न रागावता बघितलं.

मी मेथी निवडायला लागले. रोज जायचे, भिंतीशी बसायचे, मेथी निवडायचे. तोंड उघडायचं नाही म्हणजे काय असतं ते मला त्या दिवसांत कळलं. पण गप्प बसलं की दिसतं. वाळू खिडकीखाली नेली म्हणून मुलांच्या अंगावर वारा येत होता आणि ती जास्त वेळ खेळत होती. सतरंजी तिकडे घातली म्हणून दारात येणाऱ्या प्रत्येक आईला आपलं मूल कुठे बसलंय ते पटकन दिसत होतं. हे सगळं तिने विचार करून केलं होतं, आणि मला एकदाही सांगितलं नव्हतं, कारण तिला आता मला सांगायची गरज नव्हती.

एका सकाळी हॉलमध्ये छान गुणगुण चालली होती. एक बाबा मटार सोलत होते, दोन मुलं पाणी ओतत होती, कोणीतरी कोपऱ्यात गाणं म्हणत होतं. ताई हात पुसत माझ्यापुढे आली आणि खाली बसली, मुलांसमोर बसतो तशी. माझ्या मांडीवरचं ताट तिने उचललं.

"मोठ्या ताई," ती म्हणाली, "जाऊन या."

मी विचारलं, नक्की? ती म्हणाली, "नक्की. शनिवारी या."

मी उठले. हात द्यायला ती पुढे झाली होती, पण तिच्या हातात ताट होतं, म्हणून मी भिंत धरून उठले. पदर झटकला आणि बाहेर पडले. रस्त्यावर आल्यावर रडू आवरेना. स्टेशनसाठी रिक्षा केली तर रिक्षावाल्याने आरशात बघून विचारलं, "काय झालं मावशी?"

मी म्हटलं, काही नाही रे बाबा, मुलगी रुळली माझी.